मेंदूची रचना आणि शस्त्रक्रिया : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मेंदूच्या रचनेचा अभ्यास कसा होत गेला आणि त्याने शस्त्रक्रिया कशी बदलली, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बऱ्याच उत्तरांत एक मुद्दा पुन्हा येईल. मेंदू कसा टिकवला, कोणत्या बाजूने उघडला आणि त्यात काय भरलं, यावरच त्यात काय दिसणार हे ठरत आलं आहे. इतिहास लिहिताना माणसांची नावं पुढे येतात आणि या रीती मागे राहतात, म्हणून इथे रीतींना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : हाडं, स्नायू, हृदय यांची रचना फार पूर्वीपासून बरीच ठाऊक होती. मेंदूचीच इतकी उशिरा का कळली? शवविच्छेदनावरची बंदी हेच कारण होतं का?

उत्तर : बंदी होती, पण ती सगळीकडे आणि सगळ्या काळात नव्हती. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलस आणि इरॅसिस्ट्रेटस यांनी माणसाचे देह उघडले होते. १३१६ मध्ये बोलोन्याच्या मोंदिनोने विच्छेदनाचं हस्तपुस्तकही लिहिलं. देह मिळत होते, तरी मेंदू हाती लागत नव्हता, कारण तो टिकत नव्हता.

ताजा मेंदू घट्ट विरजलेल्या दह्याइतका मऊ असतो. त्याचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. कवटीत तो द्रवात तरंगतो, म्हणून तिथे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका राहतो. बाहेर काढून मेजावर ठेवला की स्वतःच्याच वजनाने तो पसरतो आणि उष्ण हवेत एक-दोन दिवसांत विरघळू लागतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव पाहण्याची रीत दिली आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेला, अतिवृद्ध नसलेला, सर्व अवयव शाबूत असलेला देह घ्यायचा. आतड्यांतला मळ काढून तो गवताने किंवा सालीने गुंडाळायचा आणि पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवायचा. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. त्वचा, स्नायू, बंध आणि हाडं यांसाठी ही रीत विचारपूर्वक बांधलेली आहे. मेंदूचं मात्र तोवर कवटीच्या आतच पाणी झालेलं असतं.

युरोपातही अडचण हीच होती. शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियसने १५४३ च्या ग्रंथात मेंदू जागेवरच ठेवून वरून खाली आडव्या चकत्या करत नेला. या रीतीत वरचा भाग नीट दिसतो, पण तळाशी पोहोचेपर्यंत सगळं चुरगळलेलं असतं. चेता आणि मोठ्या धमन्या असतात त्या नेमक्या तळाशीच. १५७३ मध्ये व्हारोलिओचं काम प्रसिद्ध झालं. त्याने मेंदू कवटीतून पूर्ण बाहेर काढला, उलटा केला आणि खालून कापायला सुरुवात केली. नुसती बाजू बदलल्यावर मस्तिष्कस्तंभाची रचना आणि चेतांचे उगम उलगडले. सतराव्या शतकात मद्यार्कात अवयव टिकवता येऊ लागले. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूमला फॉर्मॅल्डिहाइडचा गुण सापडला आणि मेंदू महिनोन्‌महिने, हवा तसा कापता येऊ लागला.

आजही प्रयोगशाळांत नवशिक्यांची एक चूक वारंवार होते. ‘१० टक्के फॉर्मॅलिन’ म्हणजे बाजारातल्या तीव्र फॉर्मॅलिनचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग. यात फॉर्मॅल्डिहाइड जेमतेम ४ टक्के असतं. ते १० टक्के समजून मोजमाप केलं की द्रावण अडीच पट तीव्र होतं. मेंदू तळाशी टेकवून ठेवला तर चपटा होतो, म्हणून तळाच्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून तो बादलीत उलटा लोंबता ठेवतात. द्रव भरपूर घ्यावा, पहिल्या एक-दोन दिवसांनी बदलावा आणि निदान दोन-तीन आठवडे वाट पाहावी. फॉर्मॅलिन आत फार सावकाश शिरतं. घाई केली की मध्यभाग गुलाबी आणि मऊ राहतो. त्यात वायू करणारे जिवाणू वाढले तर भोकं पडतात आणि ती आजाराची खूण समजली जाण्याचा धोका असतो. फॉर्मॅलिनची वाफ घातक आहे, त्यामुळे हातमोजे आणि खेळती हवा यांत कसूर नको.

प्रश्न : हजारो वर्षांपूर्वीच्या कवट्यांना पाडलेली भोकं सापडतात. तेव्हाच्या लोकांना मेंदूची रचना ठाऊक होती का?

उत्तर : मेंदूची नव्हे, कवटीची होती. पेरूमधल्या अनेक कवट्यांत भोकाच्या कडा भरून आलेल्या दिसतात. म्हणजे माणूस त्यानंतर बराच काळ जगला. हे शक्य झालं, कारण हाड खरवडून काढलं तरी खालचं जाड आवरण, ड्युरा, शाबूत ठेवलं जात होतं. ड्युरा फाटला की जंतू आत शिरायचे आणि वाचण्याची आशा फारशी उरायची नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या डोक्याच्या जखमांवरील ग्रंथात कवटीच्या सांध्यांपाशी विशेष जपायला सांगितलं आहे, कारण सांधा आणि तडा यांत गफलत होते. त्याला आणखी दोन कारणं जोडता येतात. सांध्यापाशी ड्युरा हाडाला घट्ट चिकटलेला असतो, आणि डोक्याच्या मधल्या सांध्याखालून मोठी शीर जाते.

मेंदूचा सर्वात जुना लेखी उल्लेख इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये आहे. ही प्रत इ.स.पू. १६०० च्या सुमाराची असून तिच्यात ४८ रुग्णांची वर्णनं आहेत. एका उघड्या जखमेत दिसलेल्या मेंदूच्या वळ्यांना वितळत्या तांब्यावरच्या सुरकुत्यांची उपमा दिली आहे, आणि हा आजार उपचारापलीकडचा असल्याचं म्हटलं आहे.

प्रश्न : ‘विलिसचं कडं’ परीक्षेसाठी पाठ केलं. शस्त्रक्रियेत त्याचा प्रत्यक्ष उपयोग काय? आणि ते विलिसच्या आधी कोणाला दिसलं नव्हतं का?

उत्तर : विलिसचं कडं म्हणजे मेंदूच्या तळाशी धमन्या एकमेकींना जोडून झालेलं वर्तुळ. ते तुकड्यातुकड्यांनी दिसलं होतं. पण त्याआधीची हजारेक वर्षं वेगळंच काहीतरी ‘दिसत’ होतं. प्राचीन रोमन काळातला वैद्य गेलन याने बैल आणि मेंढ्या कापल्या. या प्राण्यांत मेंदूच्या तळाशी बारीक धमन्यांचं जाळं असतं. तेच माणसातही असणार असं त्याने धरलं, आणि प्राणशक्ती त्या जाळ्यात शुद्ध होते असा सिद्धांत त्यावर उभा केला. माणसात हे जाळं नसतं. बेरेंगारिओ दा कार्पीने १५२० च्या दशकात स्पष्ट लिहिलं की आपल्याला ते सापडत नाही. व्हेसेलियसने १५३८ च्या तक्त्यांत ते काढलं होतं, आणि १५४३ मध्ये ते नाकारलं. डोळ्यांसमोर नसलेली गोष्ट इतक्या पिढ्या चित्रांत राहिली, याचं मुख्य कारण बहुतेकांनी पुस्तकातून शरीराकडे पाहिलं, हे आहे.

थॉमस विलिसचा ग्रंथ १६६४ चा. विच्छेदनात रिचर्ड लोअरचा हात होता आणि चित्रं ख्रिस्तोफर रेनची होती. त्यांचं वेगळेपण म्हणजे त्यांनी रक्तवाहिनीत रंगीत द्रव सोडला. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या कॅरॉटिड धमनीत एका बाजूला घातलेला रंग दुसऱ्या बाजूलाही पोहोचला, म्हणजे वाहिन्या एकमेकींना जोडलेल्या आहेत हे प्रत्यक्ष दिसलं. शिवाय विलिसने एका मृताची नोंद दिली आहे. त्याची एका बाजूची कॅरॉटिड बंद झाली होती, त्याच बाजूची व्हर्टिब्रल, म्हणजे मानेच्या मणक्यांतून वर जाणारी धमनी नेहमीपेक्षा बरीच जाड होती, आणि मृत्यूचं कारण भलतंच होतं. रचनेवरून कार्य सांगण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण त्या काळात क्वचितच मिळतं.

शस्त्रक्रियेतला उपयोग १८०८ मध्ये दिसला. अ‍ॅस्टली कूपरने मानेतल्या कॅरॉटिडचा फुगा थांबवण्यासाठी ती धमनी बांधली आणि रुग्ण पुढे १३ वर्षं जगला. १८०५ मधला त्याचा असाच रुग्ण मात्र वाचला नव्हता. १८०८ च्या रुग्णाच्या मृत्यूनंतरच्या तपासणीत दुसरीकडून रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या मोठ्या झालेल्या आढळल्या.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखं पूर्ण, सगळ्या बाजू सारख्या जाडीच्या असलेलं कडं मात्र निम्म्याहून कमी माणसांत असतं. कुठे जोडणारी धमनी केसाइतकी बारीक असते, कुठे नसतेच. म्हणून आज कॅरॉटिड कायमची बंद करण्यापूर्वी टोकाला फुगवता येणारा छोटा फुगा असलेल्या नळीने ती तात्पुरती बंद करून पाहतात. रुग्ण जागा असतो. साधारण अर्धा तास त्याचं बोलणं, हातापायांची ताकद आणि लक्ष तपासत राहतात, अनेक ठिकाणी मुद्दाम रक्तदाब थोडा उतरवूनही पाहतात. चाचणी नीट पार पडली तरी काही रुग्णांना नंतर पक्षाघाताचा झटका येतो. कारण चाचणी अर्ध्या तासाची असते आणि धमनी कायमची बंद व्हायची असते.

प्रश्न : मेंदूतल्या पोकळ्यांत कल्पना, विचार आणि स्मृती राहतात असं मध्ययुगात मानत. मग हा अभ्यास वायाच गेला म्हणायचा?

उत्तर : सिद्धांत चुकीचा होता, पण त्यामुळे लक्ष पोकळ्यांवर राहिलं आणि त्यांचा आकार नेमका कळला. सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिओनार्दोने बैलाच्या मेंदूत वितळलेलं मेण भरलं. त्याच्या टिपणात कृती दिली आहे. मोठ्या पोकळीच्या दोन्ही शिंगांना हवा जाण्यासाठी छिद्रं पाडायची, मागच्या पोकळीत भोक करून पिचकारीने मेण सोडायचं, ते घट्ट झालं की भोवतालचा मेंदू काढून टाकायचा. त्या दोन छिद्रांमध्ये सगळं कौशल्य आहे. ती नसतील तर आत अडकलेली हवा मेणाला अडवते आणि साचा अर्धवट निघतो.

१९१८ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीने जिवंत रुग्णाच्या पोकळीतलं पाणी काढून तितकीच हवा सोडली आणि क्ष-किरण चित्र घेतलं. हवा चित्रात उठून दिसते. पोकळी एका बाजूला ढकललेली दिसली की गाठ दुसऱ्या बाजूला आहे, एखादं शिंग भरलंच नाही तर अडथळा तिथेच आहे. तोपर्यंत कितीतरी गाठी ‘सापडत नाहीत’ म्हणून कवटी उघडून तशीच बंद करावी लागे. हवा भरल्यावर रुग्णाला भयंकर डोकेदुखी आणि उलट्या होत. मेंदूवरचा दाब आधीच जास्त असेल तर जीवही जाई. हवा भरण्याचे दिवस संपले ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये रुग्णाचं पहिलं सीटी चित्र निघाल्यानंतरच्या काही वर्षांत.

पोकळीत नळी घालणं मात्र आजही रोजचं काम आहे. सर्वांत वापरातली जागा थिओडोर कोखरच्या नावाने ओळखली जाते. नाकाच्या मुळापासून मागे ११ सेंटिमीटर, मध्यरेषेपासून बाजूला सुमारे ३ सेंटिमीटर. शक्यतो उजवी बाजू घेतात, कारण बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते. ही जागा हालचालीच्या पट्ट्याच्या पुढे पडते आणि मधल्या मोठ्या शिरेपासून दूर राहते. समोरून पाहिल्यास नळीचा रोख त्याच बाजूच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे, बाजूने पाहिल्यास कानाच्या पुढच्या कुर्चेकडे हवा. साधारण ५ ते ६ सेंटिमीटरवर पाणी येतं. ७ च्या पुढे जायचं नाही. तोपर्यंत पाणी आलं नाही तर खोली कमी पडलेली नसते, रोख चुकलेला असतो. अशा वेळी नळी पूर्ण बाहेर काढून दिशा पुन्हा ठरवतात. आतल्या आत वळवली तर वाटेतला मेंदू फाटतो.

प्रश्न : क्ष-किरण १८९५ चे. मग १८८४ मध्ये लंडनच्या शल्यविशारदांना मेंदूतली गाठ नेमकी कुठे आहे हे कळलं कसं?

उत्तर : अपस्माराच्या झटक्यांच्या क्रमावरून. या शस्त्रक्रियेमागे जवळजवळ पंचवीस वर्षांचा अभ्यास आहे.

१८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोकाने वाचा गेलेल्या रुग्णाच्या डाव्या पुढच्या खंडात इजा दाखवली. त्याआधी फ्रान्झ गाल या वैद्याच्या अनुयायांनी कवटीवरच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगण्याचा धंदा मांडला होता. त्याची इतकी बदनामी झाली होती, की मेंदूत कामांची वाटणी आहे असं म्हणणंच संशयास्पद ठरे. ब्रोकाने उंचवटे न पाहता इजा पाहिली, फरक इथे आहे. १८७० मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य वीज देऊन विरुद्ध बाजूचे पाय हलवले. डेव्हिड फेरियरने माकडांत त्याचा सविस्तर नकाशा केला. ह्यूलिंग्ज जॅक्सनने झटका अंगठ्यापासून हाताकडे, हाताकडून चेहऱ्याकडे कसा सरकतो ते टिपून मेंदूवरचा क्रम आधीच अनुमानाने सांगितला होता.

१८७६ मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेनने एका मुलाच्या मेंदूतला गळू लक्षणांवरून ब्रोकाच्या भागापाशी असल्याचं सांगितलं. शस्त्रक्रियेला परवानगी मिळाली नाही. मुलाच्या मृत्यूनंतर उघडून पाहिलं, तर गळू सांगितलेल्या जागीच होता. १८७९ मध्ये त्याने पुढच्या भागातली, मेंदूच्या आवरणाची गाठ काढली आणि मुलगी वाचली.

१८८४ चा रुग्ण २५ वर्षांचा होता. झटके डाव्या चेहऱ्यात आणि हातात येत, पुढे डावा हात लुळा पडत गेला, दृष्टी अधू झाली. वैद्य ह्यूज बेनेट यांनी यावरून उजव्या रोलँडोच्या खाचेजवळ (हालचालीची आणि स्पर्शाची वळी यांच्यामधली खाच), हाताच्या भागात गाठ असल्याचा निष्कर्ष काढला. २५ नोव्हेंबरला रिकमन गॉडली यांनी तिथे कवटी उघडली. वरून मेंदू जवळपास नेहमीसारखाच दिसत होता. गाठ पृष्ठभागाखाली सुमारे ६ मिलिमीटरवर, अक्रोडाएवढी. बाहेर काही दिसत नसताना आत कापायचं धाडस त्यांनी केवळ रचनेच्या ज्ञानावर केलं. झटके थांबले, पण सुमारे चार आठवड्यांनी जंतुसंसर्गाने रुग्ण गेला.

जागा बरोबर आली तरी रुग्ण वाचेलच असं त्या काळात नव्हतं. हाडातून, शिरांतून होणारा रक्तस्राव थांबवायचं साधनच तोकडं होतं. लंडनचा शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली याने १८९२ मध्ये हाडाच्या कडांना लावायचं मधमाशांच्या मेणाचं मिश्रण सांगितलं, अमेरिकेचा शल्यविशारद हार्वी कुशिंग याने १९११ मध्ये चांदीच्या चिमट्या आणल्या आणि १९२६ मध्ये बोवीचं विजेचं यंत्र वापरायला सुरुवात केली. वाहिन्या कुठे आहेत हे माहीत असणं आणि त्या तुटल्यावर काय करायचं हे हातात असणं, या दोन्ही गोष्टी जुळल्यावरच कुशिंग १९३१ मध्ये २००० व्या गाठीच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचला.

प्रश्न : मी वैद्यकीय विद्यार्थिनी आहे. रोलँडोच्या खाचेचं वरचं टोक जुनी पुस्तकं मध्यबिंदूच्या मागे अर्धा इंच सांगतात, नवी २ सेंटिमीटर. बरोबर काय? कवटीवर रेषा कशी आखायची?

उत्तर : सरावासाठी २ सेंटिमीटर घ्या. माणसामाणसांत हा बिंदू सेंटिमीटरभर पुढेमागे असतोच, त्यामुळे दोन्ही आकडे जवळपासचे अंदाज आहेत.

नाकाच्या मुळापासून, म्हणजे कपाळाचं हाड आणि नाकाची हाडं जुळतात तिथून, डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप अगदी मध्यरेषेवर ठेवा. समजा ३४ सेंटिमीटर आले. मध्यबिंदू १७ वर, त्यामागे २, म्हणजे १९ वर रोलँडोचं वरचं टोक. पाऊण अंतर २५.५ वर, तिथेही खूण करा. आता डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या कडेवर, गालाच्या कमानीची वरची कड जिथे मिळते त्या पातळीच्या अडीच सेंटिमीटर वर एक बिंदू घ्या. तो पाऊण अंतराच्या खुणेला जोडला की सिल्व्हियसची, म्हणजे मेंदूच्या बाजूवरची मोठी आडवी खाच मिळते. याच रेषेवर सुमारे ३ सेंटिमीटर मागे टेरिऑन येतं, जिथे हाड पातळ असतं आणि खालून आवरणाची मधली धमनी जाते. शेवटी गालाच्या कमानीच्या वरच्या कडेचा मध्य रोलँडोच्या वरच्या टोकाशी जोडा. ही रेषा सिल्व्हियसच्या रेषेला जिथे छेदते, ते रोलँडोचं खालचं टोक, टेरिऑनच्या साधारण अडीच सेंटिमीटर मागे. वरच्या आणि खालच्या टोकांमधला भाग म्हणजे खाच. तिच्या पुढची वळी हालचालीची, मागची स्पर्शाची.

चुका बहुधा दोनच जागी होतात. मागचा उंचवटा काहींच्यात बोटाला लागतच नाही, मग टेप खाली मानेच्या स्नायूंवर जातो आणि सगळेच बिंदू मागे सरकतात. किंवा टेप मध्यरेषा सोडतो. लहान मुलांत ही अंतरं लागू करू नका. मोठ्या गाठीने खाच ढकललेली असेल तर कवटीवरची रेषा बरोबर असूनही खालची जागा चुकते. पूर्वी ब्रोका आणि इतरांनी हे नातं पडताळण्यासाठी कवटीला बारीक भोकं पाडून त्यांतून मेंदूत खुंट्या बसवल्या, मग कवटी काढून खुंटी कोणत्या वळीत आहे ते पाहिलं. कोरडी कवटी आणि मेंदूची प्रतिकृती मिळाली तर तुम्हालाही असं पडताळून पाहता येईल.

प्रश्न : इतकं ज्ञान असताना लोबोटॉमीसारखा प्रकार घडला कसा?

उत्तर : ज्ञान अर्धवट असताना घाई केली म्हणून. १९३५ मध्ये पोर्तुगालच्या इगास मोनिझने मानसिक रुग्णांच्या पुढच्या खंडातले पांढरे तंतू तोडायला सुरुवात केली. कोणता तंतू कुठून कुठे जातो आणि काय करतो, हे ठाऊक नव्हतं. परिणामांची तपासणी थोड्या काळापुरती आणि वरवरची झाली. पुढे अमेरिकेत वॉल्टर फ्रीमनने डोळ्याच्या खोबणीतून टोकदार हत्यार घालून, काय तुटतंय ते न बघताच, हजारोंवर ती केली. कितीतरी माणसं निर्विकार आणि परावलंबी झाली. मोनिझला मिळालेल्या १९४९ च्या नोबेल पुरस्कारानेही या कामाचा दोष कमी होत नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात हे प्रकरण प्रत्येक विद्यार्थ्याला सविस्तर शिकवायला हवं.

प्रश्न : मेंदूचे पांढरे तंतू गोठवून वेगळे करतात असं ऐकलं. कृती काय आणि जमत का नाही?

उत्तर : ही योसेफ क्लिंगलरची रीत, स्वित्झर्लंडमधलं बाझेल, १९३० चं दशक. तंतूंचा माग काढावा असं निकोलस स्टेनोने १६६५ मध्येच पॅरिसमधल्या व्याख्यानात सांगितलं होतं, पण मऊ मेंदूत ते हाताला लागत नव्हते. व्ह्यूसेन्सने मेंदू तेलात उकळला, राइलने मद्यार्कात घट्ट केला. क्लिंगलरने बर्फाला कामाला लावलं. फॉर्मॅलिन तंतूंच्या मधल्या फटींत जास्त शिरतं. तिथलं पाणी गोठून स्फटिक फुगले की तंतूंचे जुडगे एकमेकांपासून सुटतात.

१० टक्के फॉर्मॅलिनमध्ये मेंदू निदान चार आठवडे, जमल्यास दोन महिने ठेवा. मग बारीक चिमट्याने वरची पातळ आवरणं आणि वाहिन्या पूर्ण काढा. खाचांतलं आवरण राहिलं तर पुढे ते ओढताना वळीच तुटते. पाण्याने धुऊन उणे १० ते उणे १५ अंश सेल्सिअसला आठ ते दहा दिवस ठेवा, नंतर वाहत्या पाण्याखाली वितळवा. हत्यार लाकडी, बोथट, पातळ पट्टीचं. सुरी वापरायची नाही, कारण सुरी तंतू कापते आणि मग हवा तो मार्ग ‘तयार’ करता येतो. पट्टी तंतूंच्या दिशेने सरकवायची आणि करडा भाग खरवडून काढायचा. बाहेरून आत जाताना आधी शेजारच्या वळ्या जोडणारे आखूड तंतू, मग कमानीसारखा लांब जुडगा, इन्सुला (सिल्व्हियसच्या खाचेत दडलेला पृष्ठभाग), तिच्याखालचे थर, पुटामेन (आतला करडा गोळा), आणि शेवटी इंटर्नल कॅप्सूल (वर-खाली जाणाऱ्या तंतूंचा दाट पट्टा) असा क्रम लागतो.

जमत नाही त्याची कारणं: फॉर्मॅलिन पुरेसं आत गेलेलं नसतं, त्यामुळे मध्यभाग चिखल होतो. गोठवणं आणि वितळवणं एकदाच केलेलं असतं, खोल थरांसाठी ते पुन्हा करावं लागतं. मेंदू काम करताना कोरडा पडतो. आणि एक अडचण रीतीतच आहे. एकमेकांना छेदणाऱ्या तंतूंत एक जुडगा दाखवायचा तर दुसरा नष्ट करावा लागतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र घ्यावं.

शस्त्रक्रियेला याचा थेट फायदा झाला. दृष्टीचे काही तंतू टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या खंडात पुढे जाऊन वळतात. तो वळसा तुटला की रुग्णाला विरुद्ध बाजूच्या वरच्या कोपऱ्यातलं दिसत नाही. वळशाचं पुढचं टोक माणसामाणसांत मागेपुढे असतं, हे समजल्यावर अपस्मारासाठी या खंडाचा किती भाग काढायचा याचा विचार बदलला. झुरिकच्या याशारगिलने सूक्ष्मदर्शकाखाली खाचा उलगडत आत जाण्याची जी वाट रूढ केली, तीही अशाच तपशिलावर उभी आहे.

प्रश्न : आता एमआरआय आहे, शस्त्रक्रियेत वाट दाखवणारी संगणकयंत्रणा आहे. मग शवविच्छेदन कशाला?

उत्तर : संगणकाला आदल्या दिवशीचा मेंदू ठाऊक असतो. ड्युरा उघडून पाणी वाहून गेलं की मेंदू खाली बसतो, कधी सेंटिमीटरभर, कधी जास्त. पडद्यावरची खूण तिथेच राहते. तेव्हा समोरची शीर, खाच, चेता ओळखूनच पुढे जावं लागतं, आणि ती ओळख शवावरच पक्की होते. त्यासाठी मानेतल्या दोन्ही कॅरॉटिड, दोन्ही व्हर्टिब्रल धमन्या आणि दोन्ही जुग्युलर शिरा यांत नळ्या बसवून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतात. मग धमन्यांत लाल आणि शिरांत निळं सिलिकॉन किंवा लॅटेक्स भरतात. गुठळी राहिली तर पुढचा भाग रिकामा राहतो, जोर जास्त झाला तर वाहिनी फुटून रंग बाहेर पसरतो. अमेरिकेतल्या गेन्सव्हिलच्या अल्बर्ट ऱ्होटन यांनी अशा नमुन्यांवर जगभरच्या शल्यविशारदांच्या पिढ्या घडवल्या.

एमआरआयवरून काढलेली तंतूंची रंगीत चित्रं पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून केलेलं गणित असतं. गाठीभोवती सूज असेल तर तंतू असूनही चित्रात गायब होतात. ‘इथे काही नाही’ असं समजून तिथून जाणं धोक्याचं आहे. भाषेच्या किंवा हालचालीच्या भागाजवळ म्हणूनच रुग्णाला जागं ठेवून विजेने तपासतात. माँट्रियलच्या पेनफिल्डने १९३० च्या दशकात ही रीत पद्धतशीर केली. आजच्या सर्वसाधारण प्रघातात दोन टोकांमध्ये ५ मिलिमीटर अंतर असलेली कांडी, ६० हर्ट्‌झ, प्रवाह १ मिलिअँपिअरपासून हळूहळू सुमारे ६ पर्यंत, आणि एका जागी चार सेकंदांहून जास्त नाही. चित्र दाखवून नाव विचारतात. एकच जागा लागोपाठ तपासत नाहीत, मध्ये दुसऱ्या जागा घेऊन परत येतात, आणि तीनदा अडखळलं तरच ती जागा राखून ठेवतात. मेंदूच्या पृष्ठावरच्या विजेच्या लाटांच्या नोंदीत वीज थांबल्यावरही लाटा चालू राहिल्या तर प्रवाह कमी करतात. झटका सुरू झाला तर बर्फासारखं थंड सलाइन थेट त्या जागेवर ओततात, म्हणून ते तपासणी सुरू करण्यापूर्वीच मेजावर तयार असावं लागतं.